सिगारेट सोडायचा खर्च कोण देणार: मेडिक्लेम, ओपीडी कव्हर की आपला खिसा?

सिगारेट सोडायचं मनावर घेतलंय आणि मेडिक्लेमचं रिन्यूअलही तोंडावर आलंय, अशा वेळी एजंट वरचा प्लॅन पुढे करतो: "साहेब, प्रीमियम थोडा वाढेल, पण ओपीडी कव्हर मिळेल, त्यात व्यसनमुक्तीचंही बघता येईल." ओपीडी कव्हर म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च देणारा विमा. पण या 'बघता येईल'साठी पैसे मोजू नका.

साध्या मेडिक्लेमचा विचार आधीच सोडून द्या. विमा नियामकाने २०१९ मध्ये न मिळणाऱ्या खर्चांची एकसारखी यादी ठरवून दिली. तिच्यात १२ व्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचे उपचार 'आणि त्यांचे परिणाम' आहेत. हा क्रमांक आपल्या पॉलिसीत शोधून वाचाच. तो नसला तरी फार फरक पडत नाही, कारण साधा मेडिक्लेम मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावरच मिळतो आणि सिगारेट सोडायला कोणी अ‍ॅडमिट होत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तेच: ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी.

ओपीडी कव्हरचं गणित थोडं वेगळं. त्यात डॉक्टरची फी मिळते, काही प्लॅनमध्ये औषधंही. पण वर्षाची मर्यादा असते आणि बऱ्याचदा कंपनीच्या यादीतल्याच डॉक्टरकडे जावं लागतं. गंमत अशी की २ मिलिग्रॅमची निकोटीनची चावायची गोळी (निकोटीन गम) केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते आणि चिठ्ठी नसेल तर क्लेम अडतो. ४ मिलिग्रॅमची गोळी आणि ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही तल्लफ कमी करणारी औषधं यांना चिठ्ठी लागते, पण तिथे पुन्हा तो १२ वा क्रमांक आडवा येऊ शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा: तंबाखू सोडण्याचा सल्ला आणि औषधं ओपीडीत धरता का? उत्तर लेखी हवं, फोनवरचं 'हो सर' नको. नवी पॉलिसी घेतलीच असेल तर ती परत करायला ३० दिवस असतात.

नुसत्या सिगारेटसाठी हे कव्हर घेण्यात मला अर्थ वाटत नाही. मधुमेह, रक्तदाब असं काही असेल आणि डॉक्टरच्या फेऱ्या होतच असतील, तर गोष्ट निराळी.

खिशातून करायचं म्हटलं, तर सल्ला फुकट आहे. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर. तिचं एक केंद्र आपल्या टाटा मेमोरियलकडे आहे आणि मराठीत बोलता येतं. उरतो तो गोळ्यांचा खर्च, साधारण १२ आठवड्यांचा, आणि तोही हळूहळू उतरत जाणारा. मात्र ही गोळी साध्या च्युइंगमसारखी सतत चघळत बसू नका. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, त्या ओसरल्या की पुन्हा चावायची. आणि तोंडात गोळी असताना चहा-कॉफी नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवर कटिंग घेत उभं राहणाऱ्यांना हेच जड जातं! हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरला विचारा.

राहिला ऑफिसचा गटविमा, आणि खरी आशा तिथेच आहे. अमेरिकेत 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'खाली बहुतेक खासगी विम्यांना तंबाखू सोडण्याचा सल्ला आणि औषधं द्यावी लागतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण गटविम्याच्या अटी मालक आणि विमा कंपनी बसून ठरवतात, त्यामुळे व्यसनाची अट शिथिल करून घ्यायला जागा असते. तुमचं ऑफिस बीकेसीत असो की अंधेरीत, एचआरकडे ही मागणी रिन्यूअलच्या दोन-तीन महिने आधी न्या. दर ठरल्यावर कोणी फाइल उघडत नाही.

मागणीत 'धूम्रपान' नको, 'तंबाखू' लिहा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. फक्त सिगारेटवाल्यांसाठी कव्हर मागितलं, तर ऑफिसातला शिपाई आणि ड्रायव्हर बहुधा बाहेरच राहतील.