जिप्सम पार्टिशनचा अंदाज: नकाशावरून काढावा की आधी नमुना भिंत उभारून?

तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या रस्त्यावर सध्या जे दुमजली व्यापारी गाळे उभे राहत आहेत, त्यांच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या तपासणी खोल्या, पॅथॉलॉजी लॅब किंवा शिकवणी वर्ग येणार हे बहुधा आधीच ठरलेले असते, आणि आतल्या भिंती विटांऐवजी जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी बसवायच्या तयार फलकांच्या, करायच्या हेही. अडते ते अंदाजपत्रकापाशी. नकाशावरच्या मापांना चौरस फुटाच्या दराने गुणून आकडा काढायचा, की जागेवर एक नमुना भिंत, म्हणजे ज्याला ठेकेदार सॅम्पल किंवा मॉकअप म्हणतात ती, उभारून मग दर ठरवायचा, असे दोन मार्ग मालकापुढे असतात.

नकाशाचा मार्ग वेगवान आहे. बँकेत कर्जाचे प्रकरण दाखल करायचे असेल तेव्हा इमारतीचा स्लॅबही पडलेला नसतो, त्यामुळे त्या टप्प्यावर दुसरा पर्यायच नसतो. लांबी गुणिले उंची, त्यावर पाच टक्के नासधूस धरली की आकडा तयार होतो. मात्र बोर्ड चौरस फुटाने येत नाही, नगाने येतो, आणि ही गोष्ट कागदावर दिसत नाही.

उदाहरण घेऊ. २० फूट लांब आणि १० फूट उंच भिंतीच्या दोन्ही बाजू मिळून ४०० चौरस फूट होतात. ६ बाय ४ चे बोर्ड वापरले आणि दर चार फुटी पट्ट्यात एक पूर्ण बोर्ड व वर चार फुटांचा तुकडा लावला, तर २० बोर्ड, म्हणजे ४८० चौरस फूट माल लागतो आणि दोन फुटांचे दहा तुकडे कोपऱ्यात पडून राहतात. तेच तुकडे जोडून वापरणारा कारागीर १७ बोर्डांत काम भागवतो, पण त्याने आडवे सांधे वाढतात. बोर्डाच्या लांब कडा सांध्यासाठी उतरत्या केलेल्या असतात, कापलेल्या कडेला तो उतार नसतो, त्यामुळे तिथे जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा लगदा, बरेच रुंद पसरावे लागते. ८ बाय ४ चे बोर्ड घेतले तर वरच्या दोन फुटांच्या पट्ट्या एका बोर्डातून चार निघतात आणि १३ नग पुरतात. भिंत तीच, आणि माल ४०८, ४१६ किंवा ४८० चौरस फूट!

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका कामात मी स्वतः असाच फसलो. नकाशात उंची १० फूट होती, पण उन्हाळ्याच्या धास्तीने मालकांनी स्लॅब थोडा वर घ्यायला लावला होता, आणि फरशी बसल्यावर टेप लावला तेव्हा माप १० फूट ५ इंच भरले. ८ फुटी बोर्डावर दोन फुटांऐवजी २९ इंचांची पट्टी आली, एका बोर्डातून चारऐवजी तीनच पट्ट्या निघू लागल्या, आणि दर २० फूट भिंतीमागे १३ च्या जागी १४ बोर्ड लागले. खोल्या बऱ्याच होत्या. नागपूरहून दुसऱ्यांदा गाडी मागवण्याचे भाडे कोणी द्यायचे यावर पुढे जे झाले ते इथे नको.

नमुना भिंत हे सगळे पहिल्याच दिवशी उघड करते. शिवाय कागदावर सहसा न येणाऱ्या बाबी ती दाखवते: बेसिन आणि टीव्ही टांगण्यासाठी आतून द्यावा लागणारा प्लायचा आधार, बीमखालचा वेडावाकडा कट, एसीच्या नळीचे भोक, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे खिडकीतल्या कूलरसमोर येणारी भिंत, जिथे साधा बोर्ड न घेता ओल सहन करणारा हिरवा बोर्ड घेणे शहाणपणाचे ठरते. फिनिशचा वादही तिथेच मिटतो. अमेरिकेत जिप्सम भिंतीच्या फिनिशच्या ० ते ५ अशा पातळ्या लेखी ठरलेल्या आहेत. आपल्याकडे ‘एकदम गुळगुळीत’ एवढ्यावरच करार होतो. सांधे तेवढे भरलेली भिंत आणि पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर ओढलेली भिंत यांच्या मजुरीत मोठे अंतर असते, आणि खिडकीतून तिरपा उजेड पडला की ते अंतर मालकाला डोळ्यांनी दिसते.

तरीही नमुन्याची एक बाजू लंगडी आहे, ती म्हणजे मजुरी. पहिली भिंत कोणताही मिस्त्री सावकाश करतो. तिच्या तासांवरून सगळ्या मजल्याची मजुरी काढली तर अंदाज फुगतो. म्हणून माल पहिल्या भिंतीवरून मोजावा आणि तास दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीवरून. दुसरी अडचण खास खेड्यातली आहे. पुण्या-मुंबईत कारागिरांची टोळी गल्लीत असते, इथे ती नागपूर किंवा अमरावतीहून येते, आणि एका नमुन्यासाठी तिला दोनदा आणणे परवडत नाही. गावातल्या पीओपी कारागिराकडून नमुना करून घेतल्यास माल कळतो, पण मजुरीचा हिशेब दुसऱ्याच्या हाताचा राहतो.

एका गाळ्यात दोन पार्टिशन घालायची असतील तर नमुन्याच्या फंदात पडू नये. प्रत्यक्ष जागेवर चार ठिकाणी उंची मोजून घ्यावी, तेवढे पुरते. एकसारख्या आठ-दहा खोल्या असतील तर मात्र मी नमुन्याच्याच बाजूने आहे, त्यातही माल मालकाचा आणि ठेका फक्त मजुरीचा असेल तर अधिकच, कारण तेव्हा वाया गेलेला प्रत्येक तुकडा मालकाच्या खिशातून जातो. मालासह चौरस फुटाचा दर ठरला असेल तर नासधूस ठेकेदाराची, आणि नमुन्याची निकडही त्याचीच.

नमुना वेगळा उभारून पाडू नये, ती कामातलीच पहिली खोली असावी, आणि अंतिम दर ती झाल्यावर लिहून घ्यावा. म्हणजे टोळी एकदाच येते. खोली निवडताना दाराजवळची सरळ भिंत ठेकेदार हमखास दाखवील. ती नाकारून जिथे बीम आडवा येतो, दाराची चौकट आहे आणि ओळंबा लावल्यावर जुनी भिंत बाहेर झुकलेली दिसते, तो कोपरा द्यावा.