नागपूरच्या उन्हात अडखळणारा गिअर: केबल आणि तेल बदलल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

माझी मोटारसायकल १५० सीसीची, पाच गिअरची आणि केबलवर चालणाऱ्या क्लचची आहे. मानेवाड्याहून रिंग रोडने हिंगणा एमआयडीसीपर्यंत ती रोज धावते आणि या रस्त्यावर सिग्नल इतके आहेत की क्लचला विश्रांती अशी मिळतच नाही. उन्हाळा सुरू झाला तेव्हा पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना मोठा खटका बसू लागला आणि सिग्नलवर उभे असताना न्यूट्रल लागेनासे झाले. सकाळी घरून निघताना मात्र गिअर व्यवस्थित पडत असत; तक्रार होती ती संध्याकाळी, तापलेल्या इंजिनाची. पुढचे सगळे निदान या एका फरकावरच उभे राहिले.

एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) तपासण्याचा सल्ला मिळाला. तो मी लगेच मानला नाही, कारण इंजिन बंद ठेवून, गाडी हाताने थोडी पुढे-मागे ढकलत गिअर बदलले असता पाचही गिअर सहज पडत होते. फोर्क वाकला असता किंवा ते फोर्क हलवणाऱ्या शिफ्ट ड्रमच्या खाचा झिजल्या असत्या, तर इंजिन बंद असतानाही अडथळा जाणवला असता. त्यानंतर गरम इंजिनावर, गाडी मेन स्टँडवर घेऊन, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला, तेव्हा मागचे चाक जोराने फिरत होते आणि ब्रेक लावताच इंजिनाचा वेग खाली येत होता. तेलाच्या ओढीने चाक थोडे फिरते, ते स्वाभाविक असते. पण इंजिन दबण्याइतका जोर चाकापर्यंत पोहोचत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे तो इंजिनाला गिअरपासून पूर्ण वेगळे करत नाही, हे निश्चित.

अशा गाड्यांत सर्व गिअरचे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. गिअर बदलतो तेव्हा सरकतात ते गिअरच्या बाजूला असलेले जाड खुंट, ज्यांना डॉग म्हणतात, आणि हे खुंट त्यांच्यावरचा इंजिनाचा जोर हटल्याशिवाय सहजी सुटत नाहीत. क्लच अर्धवट सुटत असेल तर जोर तसाच राहतो आणि पायाला वाटते की गिअरबॉक्सच बिघडला. त्यातच सिग्नलवर गिअरमध्ये राहून क्लच दाबून धरण्याची आपल्याकडची सवय क्लचच्या प्लेटा आणखी तापवते. तापलेल्या प्लेटा फुगतात, त्यांच्यातले अंतर कमी होते आणि न्यूट्रल आणखी अवघड होऊन बसते.

क्लच लिव्हरची मोकळीक, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची सैल हालचाल, पाहिली तेव्हा ती बरीच जास्त निघाली. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळीक सांगितलेली असते. ती यापेक्षा वाढली तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि फारच कमी झाली तर क्लच घसरतो. केबलची टोपी मागे सरकवल्यावर लिव्हरजवळ तिचे काही तंतू तुटलेले दिसले, त्यामुळे ॲडजस्टर फिरवत बसण्यापेक्षा केबलच बदलली. खर्च काहीशे रुपयांचा झाला. नवी केबल जुन्याच वाटेने नेली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहून घेतले. ही तपासणी अनेक जण वगळतात, हे मला खटकते.

तेलाचा भागही तितकाच महत्त्वाचा ठरला. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल असते, आणि गिअरचे दात त्या तेलाला चिरडून हळूहळू पातळ करतात. माझ्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० दाटपणाचे तेल सांगितले आहे, ज्यातला ५० हा आकडा १०० अंश तापमानावरचा दाटपणा दाखवतो. त्याऐवजी गाडीत त्याहून पातळ १०डब्ल्यू-३० भरलेले होते, ते बदलून पुस्तिकेतले तेल भरले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात हा फरक पायाला कळतो. डब्यावर जासो (जपानी वाहन-मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेले असावे, कारण एमबी वर्गातले किंवा कारसाठीचे घर्षण कमी करणारे तेल ओल्या, म्हणजे तेलातच चालणाऱ्या, क्लचला घसरवू शकते.

याच ओघात चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे केला. ढिली चेन गिअर पडल्यानंतरचा झटका वाढवते, आणि तो खटका गिअरचा आहे असा समज होतो. आयडलिंगही (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) थोडे चढे होते, ते १४०० आरपीएमच्या जवळ आणले.

आज, पावसाळा आणि दिवाळी उलटून गेल्यावर, गाडी ऐन गर्दीतही सिग्नलवर न्यूट्रल देते आणि दुसरा गिअर खटक्याविना पडतो. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून लिव्हर जड झाली होती, तेव्हा केबलमध्ये वरून पातळ तेल सोडावे लागले. सकाळी पहिला गिअर टाकताना होणारा ‘खट्’ असा आवाज अजून आहे. थंड, दाट तेलात तो राहणारच, आणि मी त्याला दोष मानत नाही. तेल बदलण्याची वेळ जवळ आली की गिअर किंचित जड होतात, आणि आता त्यावरूनच तेलाची अवस्था ओळखता येते.

क्लच प्लेटा मी बदललेल्या नाहीत. लिव्हरची मोकळीक दर महिन्याला मोजतो: ती वाढत गेली तर केबल ताणली गेली असे समजून ॲडजस्टर फिरवायचा, आणि आपोआप कमी होत गेली तर प्लेटा झिजत आहेत असे धरून क्लचचे झाकण उघडायला सांगायचे. गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज आजवर पडलेली नाही.