कचरा उचलायचा लांब चिमटा: जळगावच्या हतनूर-वाघूर धरणांच्या काठावर कितपत चालतो?
गळ टाकायच्या जागा साफ करायला अडीच-तीन फुटी चिमटा बरा. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, चहाचे कप न वाकता उचलतो. काळ्या गाळात रुतलेली पिशवी मात्र त्याने ओढू नका. आतली तार तुटते आणि जबडा मिटतच नाही. खरी पंचाईत तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची. रबरी टोकांतून ती निसटते. हातमोजे घालून काडीवर गुंडाळा, मग बोटभर तुकडे करा, म्हणजे बगळ्यांच्या पायात अडकणार नाही. सुटे गळ झाकणाच्या बाटलीत. लोहचुंबक फिरवून गळ सापडतात, पण स्टेनलेसचे काही त्याला दाद देत नाहीत. काम झालं की स्प्रिंग धुवा; गाळ वाळला की खटका अडकतो. घडीचा चिमटा? नको, सांध्यातच लचकतो.