तोतरेपणा 21 दिवसांत कायमचा बंद, फक्त 36,650 रुपयांत

21 दिवसांत तोतरेपणा घालवतो म्हणणाऱ्या शिबिराच्या पावत्या समोर ठेवूनच लिहितोय, म्हणजे कोणी म्हणायला नको की वाढवून सांगतो. नोंदणी 500. तपासणी 1,500. कोर्स 18,000. चूर्ण आणि थेंब 9,200. कानाला लावायचं मशीन 7,450. बेरीज 36,650. कापसाचे पैसे होते ते. आणि सातवीतला माझा पोरगा आजही 'हजर सर' म्हणताना 'ह'वरच अटकतो.

शिबिर कसं असतं हे सांगत बसत नाही. मूळव्याधीचं, गुडघेदुखीचं येतं तसंच. तालुक्याचं मंगल कार्यालय, बॅनर, पांढरा कोट, 'आज नोंदणी केली तर सूट'. सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मीही पाहिलेलं होतं, बी.ए. झालेला माणूस आहे मी, बुवाबाजीला हसणारा.

पण ज्याच्या घरी तोतरं लेकरू आहे त्यालाच कळेल तिथं का गेलो ते. आमच्याकडे कारणांवरून रोजची महाभारतं. आईचं म्हणणं, बारका असताना शेजारच्या तोतऱ्याच्या नकला केल्या, ते लागलं. बायकोचं म्हणणं, मी खेकसतो म्हणून पोरगा दबला. सासऱ्यांचं म्हणणं, डावखुऱ्या पोराला उजव्या हातानं लिहायला लावलं म्हणून. वेखंड उगाळून झालं, अक्कलकारा चघळून झाला, तोंडात गारगोटी धरून पाढे म्हणवून झाले. अशा घराला पांढरा कोटवाला सांगतो, "भाऊ, यात कोणाचाच दोष नाही. जिभेच्या नसा कमजोर आहेत, मोकळ्या केल्या की झालं." खरं सांगू का, मी औषधाला पैसे दिलेच नाहीत. ती भांडणं मिटावीत म्हणून दिले.

आता तो स्टेजवरचा प्रकार. त्यानं पोराला वर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, आधी सगळं सोबत म्हणून घेतलं. मग एकट्याला नाव विचारलं. स्वतःचं नाव म्हणजे तोतऱ्यासाठी सगळ्यात अवघड जागा, तिथं माझा पोरगा डोळे मिटून मान झटकतो. त्या दिवशी तो बोलला. नाव, गाव, शाळा, सगळं. टाळ्या. बायको रडायला लागली. मी खाली बसून पोराच्या हाताकडे पाहत होतो: मांडीवर त्याचं बोट पडत होतं, एका अक्षराला एक ठोका. मा, झं, ना, व. दिसत होतं मला! डोळ्यांनी दिसत होतं, आणि मी खिशातून मोबाईल काढून 18,000 पाठवत होतो.

कारण हाच पोरगा शाळेच्या परिपाठात सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा एका दमात म्हणतो. हरिपाठात कधी अडखळला नाही. बैलाशी बोलताना अडखळत नाही. ठेक्यात, गाण्यात, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवून बोललं की बहुतेक तोतरे लोक सरळ बोलतात, ही जगजाहीर गोष्ट आहे. ठेका सुटला की अडखळणं परत. स्टेजवर जे दिसलं ते रोज सकाळी शाळेच्या मैदानात फुकट दिसत होतं. पण हजार माणूस टाळ्या वाजवत असताना ते कोणाला आठवतं, सांगा.

मशीनचं ऐका. आपलाच आवाज किंचित उशिरा कानात येतो, एवढंच ते करतं. काहींना त्यानं तेवढ्यापुरतं बरं बोलता येतं. पण तेच काम करणारी फुकटची ॲप मोबाईलवर मिळतात. चूर्णाच्या पुडीला बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, उघडली की वेखंडाचा वास. ते तर घरीच होतं.

महिनाभरानं फोन केला तर म्हणे, "तुमचा मुलगा सरावच करत नाही." दोष लेकराच्या माथी. मग फोन लागेनासाच झाला.

पोलीस ठाण्यात जमादार काय म्हणाला ते जन्मभर विसरणार नाही. "काका, पोट्टा आंधीबी तोतराच होता नं? मंग नुकसान काय झालं तुमचं?" फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, मी नंबर सांगितला, तर हा दिवाणी मामला आहे म्हणे. औषध खात्यात गेलो. ते म्हणाले हे औषध नाही, खाद्यपदार्थात मोडतं, त्या टेबलावर जा. त्या टेबलानं परत या टेबलाकडे पाठवलं. पाटी एकच, अन्न व औषध प्रशासन! औषध नियमांच्या परिशिष्ट 'जे'मध्ये ज्या आजारांवर औषधानं बरं करण्याचा दावाच करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि त्यात तोतरेपणा नावानिशी आहे. ते पान छापून त्यांच्यापुढे ठेवलं. साहेब म्हणाले, "झेरॉक्स ठेवून जा." बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीचं म्हणणं, त्यानं सुई टोचली नाही, गोळी दिली नाही, मग डॉक्टर कसा? कोट पाहून आम्ही डॉक्टर म्हणालो, चूक आमचीच.

वाणी उपचार करणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सीआरआर नंबर, म्हणजे त्या परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, मागा, चिडला तर उठून या. नोंदणीशिवाय हे काम केलं तर 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार! माझे नोंदणी-तपासणीतच दोन हजार गेले.

नंतर नागपूरला नोंदणी असलेल्या बाईंकडे पोराला नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घराण्यात कोणी अडखळायचं का? माझे चुलत आजोबा. संपलं. ना नक्कल, ना खेकसणं, ना डावा हात. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव थोडी वेगळी होते आणि ते बऱ्याचदा रक्तातून येतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना काही पाकिस्तानी कुटुंबांत त्याच्याशी जोडलेले जनुकीय बदल सापडले. जिभेचा तर संबंधच नाही. 1841 मध्ये बर्लिनचा डीफेनबाख नावाचा नामांकित सर्जन तोतऱ्यांच्या जिभेच्या मुळातून तुकडा कापायचा, त्यानंही काही साधलं नाही. बाईंनी गॅरंटी दिली नाही. दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू झालेलं बहुतेक लेकरांचं आपोआप जातं, याच्या वयात पूर्ण जाणं कठीण, पण अडखळणं सोपं करता येतं आणि भीती कमी करता येते, असं सरळ सांगितलं. तरी लेकरू लहान असेल तर वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथं पैसे लागत नाहीत. वाणी उपचाराची जागा भरलेली आहे का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर एसटीचं भाडं वाया.

आणि 'सावकाश बोल, श्वास घे' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हात जोडून घरी पाठवा.

मी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. त्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या-मागच्या रांगेत बसलेले लोक आपल्याच भागातले होते. तुमच्याकडेही तीच निळी पावती असेल, डॉक्टरांची सही नसलेली आणि 'मार्गदर्शन शुल्क' लिहिलेली. फाडू नका. लाज वाटत असेल तर वाटू द्या, पण तक्रार टाका. एकट्याच्या कागदाला तिथं कोणी विचारत नाही.