खंबाटकी उतरल्यावरचं गॅरेज

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरला, की सुरूर फाट्याच्या अलीकडे डाव्या हाताच्या सर्व्हिस रोडला एक पत्र्याचं गॅरेज आहे. पाटी लहान आहे आणि पुढे टायर रचून ठेवल्यामुळे ती पटकन दिसतही नाही. गेल्या मे महिन्यात माझी गाडी तिथे टोचन करून नेली होती. त्या दिवशी तिथे जे काम झालं ते मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ऑइलचा लाल दिवा लागल्यावर काय करायचं हे मला वीस वर्षं गाडी चालवूनही नीट माहीत नव्हतं.

गाडी 2015 ची वॅगन-आर, पेट्रोल, तेव्हा 78 हजार किलोमीटर झालेले. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात माझ्याकडे झालं होतं आणि त्यांना कराडला घरी सोडायला निघाले होते. लांबचा प्रवास म्हणून दोनच आठवडे आधी घराजवळ एका ठिकाणी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं होतं. काम अर्ध्या तासात झालं आणि मी समाधानाने घरी आले. नंतर पार्किंगमध्ये गाडीखाली रुपयाएवढे दोन काळे डाग दिसले होते, पण शेजारच्या गाडीचे असतील असं वाटून मी ते सोडून दिले. ते सोडायला नको होते.

घाट चढताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीच्या चित्राचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. सरळ रस्त्याला काही नाही. मला वाटलं सेन्सर खराब असेल, वर पोचल्यावर बघू. काळा चष्मा लावून मागे बसलेले अण्णा एवढंच म्हणाले, "अगं, इंजिन वाजतंय. खडखड येतेय. कुठला दिवा लागलाय का?" मी सांगितलं. "ऑइलचा? मग बाजूला घे आणि बंद कर. आत्ता." अण्णांनी कराड डेपोत एसटी चालवण्यात आयुष्य घालवलंय. त्यांचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, त्या आवाजापुढे वाद घालायचा नसतो. रुंद जागा बघून गाडी लावली तेव्हा दिवा कायमचा लागलेला होता. बॉनेट उघडलं तर जळक्या तेलाचा वास, आणि गाडीखाली घाटाच्या उताराला लागून तेलाची सरळ रेघ गेलेली.

1033 वर फोन केला. हा हायवेचा मदतीचा नंबर आहे, फोनमध्ये ठेवलेला बरा. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू लावले आणि या गॅरेजचा नंबर त्यांनीच दिला. तेवढ्यात एक टेम्पोवाले दादा थांबले. त्यांच्याकडे दोन लिटर ऑइलचा कॅन होता. "ओता ताई आणि निघा, साताऱ्यात बघा काय ते," असं अगदी मनापासून म्हणत होते. अण्णांनी हात जोडून नको म्हटलं. "गेलं कुठून ते कळल्याशिवाय ओतून काय उपयोग? पाच किलोमीटरमध्ये तेही रस्त्यावर येईल," हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मिस्त्री स्वतः पिकअप घेऊन आले. चाळिशीचे असतील, कमी बोलणारे. गाडीजवळ आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "दिवा लागल्यावर किती वेळ चालवली?" मी म्हटलं, दोन वळणं लुकलुकला आणि मग अर्धा-एक मिनिट. "नंतर परत सेल मारून बघितली का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग कळलं की बरेच जण थांबतात, पाच मिनिटांनी "बघू तरी" म्हणून पुन्हा चालू करतात, आणि तिथेच इंजिन जातं.

घाट उतरायचा होता, म्हणून त्यांनी दोर लावलाच नाही. लोखंडी दांडा लावला, म्हणजे उतारावर मागची गाडी पुढच्यावर जात नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग जड लागतं, त्यामुळे माझ्या गाडीत ते स्वतः बसले. पिकअप त्यांच्या पोराने चालवली आणि अण्णांना व मला त्याच्या शेजारी बसवलं. किल्ली ऑन ठेवली, नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं. टोचनचे 800 रुपये, आधीच सांगून.

गॅरेजमध्ये आल्यावर मला वाटलं आता लगेच इंजिन उघडायची भाषा होणार. ऑइल जिथे बदललं होतं त्या पुण्याच्या ठिकाणीही मी घाटातून फोन केला होता. तिथून गाडी न बघताच उत्तर आलं होतं, "ऑइल संपलं म्हणजे बेअरिंग गेली, हाफ इंजिन करावं लागेल, पस्तीस हजार धरा." इथे मिस्त्रींनी आधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून पुसली, परत घातली, काढली आणि मला दाखवली. टोकाला नुसता ओलावा होता. मग ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. दुधाळ चिकट काही आहे का ते बघितलं, म्हणजे पाणी मिसळलं नाही ना याची खात्री. कूलंट बघितलं, ते पूर्ण होतं. मग उरलेलं ऑइल खाली काढलं आणि रेघा मारलेल्या कापलेल्या बाटलीत मोजलं: 1 लिटर 100 मिली. या इंजिनात फिल्टर धरून साधारण तीन लिटर मावतं.

इथे त्यांनी मला जे समजावलं ते कुठल्याच सर्व्हिस सेंटरने आजवर सांगितलं नव्हतं. तो लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तो तेलाचा दाब सांगतो. खालच्या पॅनमधून पंप तेल ओढतो आणि दाबाने क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत, पोचवतो. क्रँक त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. तेल कमी झालं की वळणावर ते पॅनच्या एका बाजूला जातं, पंपाच्या जाळीत हवा शिरते, दाब पडतो, दिवा लागतो. सरळ रस्त्याला तेल परत जागेवर येतं आणि दिवा विझतो. म्हणजे माझा दिवा वळणावर लुकलुकत होता तेव्हाच जवळजवळ दोन लिटर तेल गेलेलं होतं. आणि चढावर इंजिनावर लोड असतो, क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगवर सगळ्यात जास्त जोर तेव्हाच येतो. अण्णांना ऐकू आलेली खडखडही त्यातलीच. या इंजिनाची टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, दाब गेला की चेन सैल होऊन वाजते.

मग फिल्टर. फिल्टरच्या कडेने सगळीकडे ओलं होतं. त्यांनी हाताने फिल्टर फिरवला तर तो सहज सुटला, आणि त्यांनी टॉर्च मारून मला वाकून बघायला सांगितलं. इंजिनाच्या ज्या गोल चकतीला फिल्टर बसतो तिथे जुन्या फिल्टरची रबरी रिंग तशीच चिकटलेली होती, काळी, चपटी झालेली. नव्या फिल्टरला त्याची स्वतःची रिंग होतीच. एकावर एक दोन रिंगा. पेचकसाच्या टोकाने त्यांनी जुनी रिंग उचलली तशी ती सोलल्यासारखी निघून आली आणि मधोमध एका जागी ती बाहेरच्या बाजूला फुगून फाटलेली दिसली. गावात हळू चालताना ती धरून राहिली, थेंब थेंब गळत राहिली. हायवेला आणि घाटात जास्त फिरणाऱ्या इंजिनाचा दाब आला तेव्हा ती एका बाजूने बाहेर सरकली. फिल्टर बदलताना जुनी रिंग जुन्या फिल्टरबरोबर आली का, हे बघायला पाच सेकंद लागतात.

इथपर्यंत कोणीही चांगला मिस्त्री पोचला असता. यापुढचं काम बघून मी हे लिहायला बसले.

त्यांनी काढलेला फिल्टर फेकला नाही. हॅक्सॉने त्याची कडा कापली, आतली कागदाची घडी बाहेर काढून वर्तमानपत्रावर उलगडली आणि उन्हात धरून हळूहळू बघत गेले. अण्णा, मी आणि तो पोरगा शेजारी उभे. बेअरिंग घासलं असेल तर तेलात चमक येते, चांदीसारखी किंवा पितळेसारखी, आणि ती फिल्टरच्या घडीत अडकते. त्यांनी स्पीकरचं जुनं चुंबक कागदावरून फिरवलं. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, म्हणजे चेन, क्रँक, पिस्टनच्या रिंगा. चमकतंय पण चिकटत नाही तर बेअरिंगचा धातू. घडीत दोन-तीन बारीक ठिपके होते, बाकी काही नाही. "78 हजारच्या गाडीत एवढं असतंच," म्हणाले. बाटलीत मोजलेलं ऑइलही त्यांनी पातळ फडक्यातून गाळलं. ते स्वच्छ निघालं.

त्यानंतर प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे अडतं का, कुठे जड लागतं का ते बघत. मग नवीन फिल्टर बसवला, रिंगेला तेलाचं बोट लावून, हाताने आवळून. 5डब्ल्यू-30 ऑइल भरलं. आणि इंजिन चालू करण्याआधी गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून टाकला, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मिळणार नाही. पोराने सेल मारला, इंजिन पेट न घेता नुसतं फिरत राहिलं, पाच-सहा सेकंद, थांबून पुन्हा. तिसऱ्या वेळी लाल दिवा विझला. म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवलं नाही, आधी तेल सगळीकडे पोचवलं. अण्णा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "पोटच्या पोरासारखं करतोय गं."

शेवटी ऑइलचा सेन्सर काढून त्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावलं आणि इंजिन वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम होऊ दिलं. थंड तेल दाट असतं, त्यामुळे सुरुवातीला दाब चांगलाच दिसतो, खरं काय ते गरम झाल्यावरच कळतं. आयडलला काटा एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) थोडा वर, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना साडेतीनच्या आसपास. लांब पेचकस कानाला लावून त्यांनी खालून, बाजूने, वरून ऐकलं. म्हणाले, "इंजिन उघडायची गरज नाही. पण पाचशे किलोमीटरनंतर ऑइल-फिल्टर परत बदला. ते फिल्टर मी परत कापून बघणार. त्यात चमक वाढली असेल तर मग बोलू." हवं असतं तर त्या दिवशी मला घाबरवून पस्तीस हजारांचं काम काढणं सोपं होतं. मी मनाने तयार होतेच.

बिल झालं 2,650 रुपये. त्यात ऑइल, फिल्टर, मजुरी आणि टोचन सगळं आलं. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं बिल, पण त्यावर किलोमीटर, तारीख आणि गरम इंजिनाचे दोन्ही दाब लिहून दिले. फाटलेली रिंग कागदात गुंडाळून दिली. ती मी पुण्यात दाखवल्यावर त्या ठिकाणाने घेतलेले पैसे परत केले, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता गैरसोयीचं. काम एकाच माणसाचं आहे, त्यामुळे वेळ लागतो. आम्हाला सव्वाचार तास लागले. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, मला फाट्यावरच्या हॉटेलात जावं लागलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आणि पत्र्याखालचा उकाडा. पोराने अण्णांसाठी टेबलफॅन आणून लावला हे खरं, पण म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर त्यांना पुढे एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने पाठवा. डिझेलच्या नव्या गाड्यांसाठी स्कॅनर इथे नाही, ते स्वतःच तसं सांगतात आणि साताऱ्याला जायला सांगतात.

विम्याबद्दल एक सांगते, कारण मला ते नंतर कळलं. तेल गळून इंजिन जाम झालं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही. इंजिन प्रोटेक्ट वेगळं जोडलेलं असेल तर बघता येतं, पण दिवा लागल्यावर गाडी तशीच दामटली असं दिसलं तर तिथेही अडचण येते. माझ्याकडे ते जोडलेलं नव्हतं. यंदा घेतलं.

जूनमध्ये पाचशे किलोमीटर झाल्यावर मी मुद्दाम परत गेले, अण्णांनाही कराडहून त्या दिवशी यायचं होतंच. मिस्त्रींनी फिल्टर कापला, कागद उन्हात धरला. एकही ठिपका नाही. वहीत मागचं पान काढून त्याखाली नवे आकडे लिहिले, दाब पहिल्याइतकाच. त्यानंतर आजपर्यंत गाडी सहा हजार किलोमीटर चालली आहे. मी दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक बघते. तेल वरच्या खुणेवरून हललेलं नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, तेव्हा मध्यावर आलं तरी अर्धा लिटर गेलंय हे धरून चाला.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारनंतर ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी होते. आणि अमावस्येला गॅरेज बंद असतं.