नुसतं ‘कोळी’ लिहिलंत तरी चालेल: महाविद्यालयाच्या बायोब्लिट्झसाठी आयनॅचरलिस्ट

मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. स्लाइड, सूक्ष्मदर्शक, कीटकांच्या पेट्या हे माझं रोजचं काम. पर्यावरण मंडळाचा कार्यक्रम असला की सभागृह उघडून देणं आणि पडदा लावणं एवढाच माझा संबंध यायचा. गेली दोन वर्षं मात्र आवारातली बायोब्लिट्झ माझ्याकडे सोपवलेली आहे आणि ती आम्ही आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर करतो. तीनदा करून झाली. मंडळ चालवणारे ओळखीचे लोक विचारतात, ‘अ‍ॅप कसं आहे? घेऊ का?’ घ्याच. पण कशासाठी घ्यायचं आणि कुठे जपायचं, हे सांगायला थोडी जागा लागेल.

बायोब्लिट्झ म्हणजे एक जागा ठरवायची, वेळ ठरवायची आणि तेवढ्यात दिसेल त्या प्रत्येक सजीवाची नोंद करायची. या नावाची पहिली मोहीम 1996 मध्ये वॉशिंग्टनच्या केनिलवर्थ अ‍ॅक्वाटिक गार्डन्समध्ये झाली. तेव्हा जाणकार निसर्गअभ्यासकांनी मिळून सुमारे हजार जाती नोंदवल्या होत्या. आपल्याकडे असतात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं, त्यातली निम्मी वाणिज्य नाहीतर संगणकशास्त्राची. त्यांच्या हातात हजार जाती कशा येणार? हा प्रश्न आयनॅचरलिस्टनं बराच सोपा केलाय. 2008 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प म्हणून ते सुरू केलं. पुढे ते कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या छताखाली गेलं आणि 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालतं. वापरायला मोफत. आमच्या मुलांना मी ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगते, कारण आपल्याच वयाच्या लोकांच्या प्रकल्पातून हे उभं राहिलंय म्हटल्यावर ती नीट ऐकतात.

वापरायला अवघड काही नाही. फोटो काढायचा, तारीख आणि जागा फोनच भरतो. अ‍ॅप चित्र बघून काही नावं सुचवतं. नोंद चढवली की ती जगभरातल्या सभासदांना दिसते आणि कुणीही त्यावर आपलं मत देऊ शकतं. मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जण एका जातीच्या नावावर आले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ मिळते. मग योग्य परवाना असलेली अशी नोंद ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटीच्या जागतिक साठ्यात जाते आणि तिथून संशोधक ती उचलू शकतात. नेटवर्क नसलं तरी फोटो घेऊन ठेवता येतात, नंतर चढवता येतात. आमच्या मैदानाच्या मागच्या बाजूला सिग्नल येत नाही, त्यामुळे ही सोय आम्हाला फार उपयोगी पडली.

पण मला हे अ‍ॅप आवडलं ते वेगळ्याच कारणानं.

पहिल्या खेपेला प्रथम वर्षाची एक मुलगी जिन्याच्या कठड्यापाशी बराच वेळ उभी होती. जवळ गेले तर कठड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक कोळी. जाळं नाही, काही नाही. दोन पावलं चालायचा, थांबायचा आणि अख्खं अंग वळवून आमच्याकडे बघायचा. ती म्हणाली, “ताई, मला याचं नाव माहीत नाही. मग नोंद कशी करू?” मी म्हटलं, “कोळी आहे हे तरी माहीत आहे ना? मग तेवढंच लिही.” तिला ते पटेना. परीक्षेत अर्धं उत्तर लिहिलं की अर्धे गुण जातात, हे अंगात भिनलेलं असतं. शेवटी तिनं नुसतं ‘कोळी’ असं लिहून नोंद चढवली.

तीन दिवसांनी कुणीतरी त्याला सॅल्टिसिडी कुळात, म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांत, टाकलं. आणखी एकानं विचारलं, ‘समोरून चेहऱ्याचा फोटो मिळेल का?’ मुलगी प्रयोगशाळेत माझ्याकडून भिंग मागून घेऊन गेली आणि कठड्याशी परत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नाहीतर त्याच्यासारखाच दुसरा सापडला. फोनच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून तिनं फोटो घेतला. समोर दोन मोठे काळेभोर डोळे, त्यांच्या दोन बाजूंना दोन लहान, आणि बाकीचे चार वर, डोक्याच्या कडेनं मागे. एकूण आठ. फोटो मोठा केल्यावर त्या मधल्या दोन डोळ्यांत तिच्या फोनचाच प्रकाश चमकत होता. त्यानंतर नोंद प्रजातीपर्यंत, म्हणजे जातीच्या एक पायरी वर असलेल्या जीनसपर्यंत गेली आणि तिथेच थांबली, कारण पुढे जायला नुसता फोटो पुरत नाही. तिला मात्र त्याचं वाईट वाटलं नाही. “आता कुठपर्यंत माहीत आहे ते तरी कळलं,” असं म्हणाली.

या अ‍ॅपमध्ये ‘मला इथपर्यंतच कळतं’ असं म्हणायला जागा आहे. ‘वनस्पती’ लिहा, ‘कीटक’ लिहा, ‘पक्षी’ लिहा. ती नोंद चुकीची ठरत नाही, अपुरी राहते, आणि दुसरं कुणीतरी ती पुढे नेतं. आमच्या मंडळानं पोस्टर स्पर्धा घेतल्या, घोषवाक्यं लिहून घेतली, व्याख्यानं ठेवली. त्या कार्यक्रमांनंतर कधी कोणी माझ्याकडे भिंग मागायला आलं नव्हतं.

आता जपायच्या गोष्टी. त्या आम्ही चुका करूनच शिकलो आणि त्या चुका आमच्या नियोजनाच्या होत्या.

सगळ्यात मोठी चूक बक्षिसाची. पहिल्या वेळी आम्ही सर्वाधिक नोंदी करणाऱ्याला बक्षीस ठेवलं. झालं काय, एकाच कुंपणाचे चाळीस फोटो आले. एका मुलानं तासाभरात साठ नोंदी केल्या आणि प्रत्येकीला अ‍ॅपनं सुचवलेलं पहिलं नाव देऊन टाकलं. भिंतीवरच्या हिरव्या शेवाळालासुद्धा (म्हणजे मॉसला) थेट जातीचं नाव! भर म्हणजे मित्र एकमेकांच्या नोंदींवर ‘सहमत’ दाबत सुटले. त्यामुळे चुकीच्या नावांना रिसर्च ग्रेड मिळायला लागली. बाहेरच्या जाणकारांनी सभ्य शब्दांत टोकलं, तेव्हा मला फार लाज वाटली. ते लोक आपला वेळ विनामोबदला देतात आणि आम्ही त्यांच्यापुढे कचरा ओतला होता. पुढचे दोन आठवडे मुलांना घेऊन बसले आणि एकेक सहमती मागे घ्यायला लावली.

दुसऱ्या वेळेपासून नियम केला: ‘सहमत’ तेव्हाच दाबायचं, जेव्हा शेजारच्याला कशावरून ओळखलं ते सांगता येईल. बक्षीसही बदललं. आता ते पुराव्याला देतो: एकाच झाडाचं पान वरून, पान खालून, खोड, फूल, सगळं एका नोंदीत. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही. नोंदींची संख्या पहिल्यापेक्षा निम्म्यावर आली आणि कामाच्या नोंदी मात्र वाढल्या.

दुसरी अडचण लावलेल्या झाडांची. मुलं हमखास बागेतल्या फुलांपासून सुरुवात करतात. माणसानं लावलेलं झाड किंवा पाळलेला प्राणी असेल तर तशी खूण करायची असते आणि ती नोंद ‘कॅज्युअल’ गटात जाते, रिसर्च ग्रेडपर्यंत पोचत नाही. पहिल्यांदा मुलं यावर हिरमुसतात. मग मी त्यांना गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यापाशी नेते. गुलाब लावलेला, पण त्याच्या कळीखाली गर्दी करून बसलेला मावा कुणी लावलेला नाही. तो मावा खायला आलेला ढालकिडाही आपणहून आलेला. कुंडीत उगवलेलं तणही तसंच. एकदा हे डोळ्यांत बसलं की आवार दुसरंच दिसायला लागतं. माळीकाकांनी तर त्या दिवसापुरती निंदणी थांबवली आणि कुठल्या कोपऱ्यात काय उगवतं ते स्वतः दाखवत हिंडले. त्यांच्याइतकी माहिती आमच्यात कुणालाच नव्हती. तुमच्याकडे बायोब्लिट्झ करणार असाल तर प्राध्यापकांच्या आधी माळ्याला बोलवा.

जिवंत प्राणीच हवा असंही नाही. पीस, पायाचा ठसा, विष्ठा, सापाची कात, पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, सगळं पुरावा म्हणून चालतं. एक सजीव म्हणजे एक नोंद, हे मात्र पक्कं सांगा. फोटो स्वतःचाच हवा, इंटरनेटवरून उचललेला नको. आणि मित्राचा फोटो गंमत म्हणून टाकू नये, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका.

जागेच्या बाबतीत पालकांनी विचारलं होतं, ते रास्तच आहे. वसतिगृहाच्या खिडकीतून काढलेल्या फोटोबरोबर खिडकीचं ठिकाण उघड होतं. प्रत्येक नोंदीला जागा उघडी ठेवायची, अस्पष्ट करायची की पूर्ण खासगी ठेवायची, हे निवडता येतं. राहत्या जागेच्या नोंदी आम्ही अस्पष्टच ठेवायला सांगतो. धोक्यात असलेल्या जातींची जागा अ‍ॅप आपणहून अस्पष्ट करतं. ती 0.2 अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते, म्हणजे चोरट्या शिकाऱ्याला नेमका पत्ता मिळत नाही.

रात्रीचा भाग आम्ही तिसऱ्या वेळी जोडला. दोन खांबांना दोरी, दोरीवर पांढरी चादर, चादरीमागे दिवा. अर्ध्या तासात चादरीवर पतंग बसायला लागले. त्यांतल्या एकाच्या मिशा कंगव्यासारख्या दुतर्फा दातेरी होत्या. अशा पिसांसारख्या मिशा बहुधा नराच्या असतात. अंधारात मादीचा गंध टिपायला त्या लागतात, हे मी सांगत होते आणि संगणकशास्त्राची तीन मुलं चादरीला नाक लावून बघत होती. कार्यक्रम संपला की दिवा लगेच बंद करायचा आणि चादर हळूच झटकायची, नाहीतर पतंग रात्रभर तिथेच घुटमळतात आणि सकाळी पक्ष्यांच्या तोंडी जातात. ही एक गोष्ट कृपया विसरू नका.

अ‍ॅप कशाला पुरत नाही, तेही सांगते. दुसऱ्या वर्षीच्या अहवालात मुलांनी लिहिलं, ‘आवारातली फुलपाखरं कमी झाली.’ ते वाक्य मी काढायला लावलं. आयनॅचरलिस्टवर दिसलेल्याची नोंद होते; किती जणांनी किती वेळ शोधलं आणि काय दिसलं नाही, हे त्यात आपोआप येत नाही. त्या वेळी ढग होते आणि माणसंही कमी होती. संख्या वाढली की घटली हे बघायचं असेल तर ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळेत, दरवेळी सारखंच मोजावं लागतं. पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ईबर्ड हे अ‍ॅप जास्त योग्य, कारण त्यात किती वेळ आणि किती अंतर फिरलो ते भरून पूर्ण यादी देता येते.

तासाभराचा कार्यक्रम आणि शेकडो मुलं, अशी वेळ असेल तर आयनॅचरलिस्टच्या फंदात पडू नका. खाती उघडण्यातच तास जाईल. त्यासाठी त्यांचंच सीक हे अ‍ॅप आहे. खातं लागत नाही, कॅमेरा रोखला की तिथल्या तिथे ओळख दाखवतं. गोडी लावायला छान, पण तिथे प्रश्न विचारायला दुसरं माणूस नसतं.

तारखेबद्दल. एप्रिलच्या अखेरीस सिटी नेचर चॅलेंज, म्हणजे शहराशहरांतल्या सजीवांच्या नोंदी करण्याचा उपक्रम, असतं. 2016 मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातल्या चुरशीतून ते सुरू झालं आणि 2018 पासून जगभर पसरलं. त्यात सामील व्हायला मुलांना आवडतं, पण परीक्षा आड येत असेल तर हट्ट धरू नका. 22 एप्रिल 1970 चा पहिला वसुंधरा दिनसुद्धा विद्यार्थ्यांना वसंताची सुट्टी आणि वार्षिक परीक्षा यांच्यामध्ये मोकळा वेळ मिळावा म्हणून त्या तारखेला ठेवला होता. आपणही आपलं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवावा. आणि संयोजकानं महिनाभर आधी स्वतःचं खातं उघडून रोज दोन-चार नोंदी कराव्यात. आपल्याला सवय नसेल तर मुलांच्या शंकांना उत्तर देता येत नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा राखून ठेवला तो फोटोंच्या मर्यादेसाठी. आमच्या भिंतीवरच्या शेवाळाच्या सगळ्या नोंदी अजून ‘शेवाळ’ म्हणूनच पडून आहेत. बऱ्याच शेवाळांची जात पानातल्या पेशी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून चौथ्या वेळी मी दोन सूक्ष्मदर्शक व्हरांड्यात आणणार आहे. ओल्या शेवाळाचं एक पान चिमट्यानं सोडवून स्लाइडवर ठेवायचं आणि फोनचा कॅमेरा नेत्रिकेला लावून फोटो घ्यायचा. मागच्या आठवड्यात दोघींनी करून पाहिलं. हात हलल्यामुळे पहिले सहा फोटो गेले, सातव्यात पेशींच्या भिंती स्वच्छ आल्या. तो त्याच नोंदीत जोडलाय.