क्लूज की क्लज? जार्गन फाइलमधल्या दोन नोंदी

जुना कोड सांभाळणाऱ्यांना हा शब्द पदोपदी भेटतो. ठिगळं लावून कशीबशी चालवलेली एखादी सोय असते आणि वर कुणीतरी शेरा मारलेला असतो, ‘हा क्लज (kludge) आहे’. पुढच्याच फाइलमध्ये तोच शब्द, पण स्पेलिंगमधला ‘डी’ गायब: क्लूज (kluge). मी दुसऱ्यांचा कोड तपासते, त्यामुळे खरं स्पेलिंग कुठलं हा वाद माझ्यापर्यंत येतोच. अशा वेळी मी जार्गन फाइल उघडते. संगणकवाल्यांच्या बोलीचा हा कोश राफाएल फिंकेल यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्डला सुरू केला, पुढे एरिक रेमंड यांनी त्याचं संपादन केलं. इंटरनेटवर तो फुकट वाचता येतो.

डी नसलेल्या ‘क्लूज’ची नोंद म्हणजे या कोशाचं बलस्थान. जर्मन भाषेत ‘क्लूग’ म्हणजे हुशार, एवढं सांगून वाचकाची बोळवण केलेली नाही. छापखान्यातल्या यंत्राला कागद भरवणारा, याच स्पेलिंगच्या नावाचा एक फीडर निदान १९३५ पासून वापरात होता. लहान, स्वस्त विजेच्या मोटारी येण्याआधी त्याची रचना झाली, अशी आख्यायिका कोश सांगतो. एकाच फिरत्या दांड्यावरून कॅम, पट्टे आणि जोडदांडे यांच्या जंजाळातून प्रत्येक हालचालीला ताकदही पुरवायची आणि सगळ्यांचा मेळही राखायचा. सारखा बिघडणारा, दुरुस्तीला महाकठीण, पण डोकं लढवलंय ते अफाट! एवढं वाचलं की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलातही हा शब्द होता: किनाऱ्यावर नीट चालणारं आणि समुद्रात हमखास दगा देणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे क्लूज.

मग ‘डी’ आला कुठून? फेब्रुवारी १९६२ च्या ‘डेटामेशन’ या संगणकविषयक मासिकात जॅक्सन ग्रॅनहोम यांचा लेख छापून आला. त्याच्या शीर्षकातच हे डीवालं स्पेलिंग होतं आणि ते पसरलं. कोशाच्या मते ते ब्रिटनमधून आलं असावं. तिकडे स्कॉटिश बोलीतल्या शौचालयाच्या शब्दावरून, सैनिकांच्या तोंडून, ‘क्लज’ स्वतंत्रपणे रुजला होता आणि त्यात कौतुकाचा लवलेशही नव्हता. अमेरिकेतले तरुण प्रोग्रामर आता लिहिताना डी घालतात आणि उच्चार मात्र ‘क्लूज’ करतात. ब्रिटनमधला हा वेगळा इतिहास १९९३ मध्ये यूझनेटवर, म्हणजे जुन्या ऑनलाइन चर्चागटांच्या जाळ्यावर, झालेल्या वादात पुढे आला. तो वाद आपल्याच आधीच्या आवृत्त्यांमधल्या नोंदीवरून झाला, हे कोशात उघडपणे लिहिलंय. वाचकांनी धरलेली चूक अशी मोकळेपणाने नोंदीत घेणाऱ्या कोशावर माझा विश्वास बसतो.

तरी पाचपैकी चारच तारे देईन. डीवाल्या स्पेलिंगला कोश सरळ चुकीचं ठरवतो, आणि ते मला अजिबात मान्य नाही. स्वतःच त्या स्पेलिंगची वेगळी कुळकथा द्यायची, लेखामुळे ते रूढ झालं हेही सांगायचं, आणि तरीही ते लिहिणाऱ्यांना चूक म्हणायचं, हा अन्याय आहे. शिवाय माहिती दोन नोंदींत विभागली आहे. एकच वाचली तर अर्धी गोष्ट हाती लागते. पुराव्याचीही बाजू लंगडी. १९५० च्या दशकाच्या मध्यावर हा शब्द फक्त हार्डवेअरसाठी वापरत, हे जुन्या मंडळींच्या सांगण्यावरूनच मानायचं. आणि कित्येक वर्षांत नवी आवृत्ती नाही.

तारीखवार छापील उदाहरणं हवी असतील तर ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाकडे जावं. पण शब्द कुणाच्या तोंडी कसा फिरला हे समजून घ्यायचं तर जार्गन फाइलच वाचावी, दोन्ही नोंदी लागोपाठ, आणि आधी डी नसलेली.